धुराडं आणि दुधाची पिशवी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडेफार नीट करून, स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



कमिटीनं मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला आहे. पंचवीस वर्षांत या विषयावर आपल्याकडे पुष्कळ भाषणं झाली. नायगारा झाला, आयफेल टॉवर झाला, स्वित्झर्लंडचा बर्फ तर तीनदा झाला. मी तुम्हाला आज अशा ठिकाणी नेणार आहे की जिथं तिकीट काढून बघावं असं काही नाही. एक कालवा, त्याच्या काठची एक चिखलाची पायवाट आणि जानेवारीतली थंडी. तिथं मी आणि आमच्या सौ. एक महिना राहिलो. हॉटेलात नव्हे, घरातही नव्हे. बोटीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की आमची लेक आणि जावई इंग्लंडमध्ये असतात. पण ते बोटीत राहतात हे मी फारसं कुणाला सांगत नसे. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी गृहकर्जाच्या टेबलावर. हजारो लोकांच्या घराचे कागद या हातांनी तपासले. सात-बारा, टायटल क्लिअर, स्थावर मालमत्ता, तारण. आणि स्वतःच्या लेकीचं घर मात्र जंगम मालमत्ता! आज या पुलाखाली, पंधरा दिवसांनी त्या पुलाखाली. पत्ता विचारला तर ती नकाशावर टिंब पाठवते. बापाच्या जिवाला घोर लागणारच.

आधी बोट कशी असते ते सांगतो. तिला नॅरोबोट म्हणतात, म्हणजे अरुंद बोट. रुंदी 6 फूट 10 इंच. अशी विचित्र रुंदी का? तर अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरनं इंग्लंडच्या मध्यभागातले कालवे बांधले, त्यांतल्या पुष्कळ लॉकची रुंदी साधारण 7 फूट ठेवली. त्यात मावेल तेवढी बोट. ते माप आजही चालू आहे. आमच्या लेकीची बोट 57 फूट लांब आहे. पुढचा-मागचा डेक आणि इंजिन सोडलं तर आतली जागा सुमारे 42 फूट बाय 6 फूट. मी पहिल्याच दिवशी टेप लावून बघितलं. कार्पेट एरिया 252 चौरस फूट. आपल्या वन बीएचकेचा हॉल आणि स्वयंपाकघर एका रांगेत ठेवा, झाली बोट. एकाला संडासकडे जायचं असेल तर दुसऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. आमचं चाळीस वर्षांचं लग्न तिथं पुन्हा नव्यानं तपासून झालं.

पाण्याची टाकी 500 लिटरची. ती संपली की बोट चालवत नळापर्यंत न्यायची. संडासाची पेटी दोन-तीन दिवसांनी ठराविक जागी जाऊन रिकामी करायची. ते काम जावईबापूंकडे होतं, आणि त्या दिवसापासून माझ्या मनातला त्यांचा मान दुप्पट झाला. छतावर सोलर पॅनेल आहेत, पण जानेवारीत तिथं सूर्य सव्वाआठला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. तोही ढगांतून. त्यामुळे बॅटरीसाठी रोज इंजिन चालवायचं. आणि ऊब म्हणजे एक लोखंडी शेगडी, तिच्यात कोळसा. शेगडीच्या वर छतातून बाहेर काढलेलं हातभर धुराडं. ते धुराडं लक्षात ठेवा. आजचं भाषण त्याच्यावरच आहे.

आता कालव्याबद्दल. आपल्याला कालवा म्हटला की खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आठवतो. आपला कालवा वाहतो, कारण त्यानं शेताला आणि शहराला पाणी न्यायचं असतं. तिकडचा कालवा जवळजवळ उभा असतो, कारण त्याच्यावरून माल न्यायचा होता. आमचा मुक्काम ज्यावर होता त्याचं नाव केनेट अँड एव्हन कालवा. रेडिंगपासून ब्रिस्टलच्या बाजूपर्यंत, वाटेतल्या नद्यांचे तुकडे धरून सुमारे 87 मैल. जॉन रेनी हा त्याचा इंजिनिअर. 1810 साली तो पूर्ण झाला. त्या काळी बोटीला इंजिन नव्हतं. काठावरून घोडा चालायचा, त्याच्या मागं लांब दोर आणि दोराला बोट. घोड्यासाठी म्हणून ही काठावरची पायवाट. इंग्रजीत तिला टो-पाथ म्हणतात. आमच्या सौ.नी तिचं नाव 'घोडवाट' ठेवलं, आणि महिनाभर आमच्या बोटीत तेच चाललं. अशा कालव्यांवरच्या जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर कधीकधी बोट जाईल एवढ्या खाचा दिसतात. वर्षानुवर्षं दोर घासून घासून दगडाला आणि लोखंडाला पडलेल्या. आपल्या विहिरीच्या काठाला पोहऱ्याच्या दोराच्या पडतात ना, अगदी तशा.

पुढं रेल्वे आली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं 1852 साली हा कालवाच विकत घेतला. ज्याच्याशी स्पर्धा तोच मालक झाला, मग काय होणार ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. दुरुस्ती कमी, वाहतूक कमी. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉक मोडले, तळ कोरडे पडले, झुडपं माजली. सरकार तो बंद करायला निघालं होतं. तेव्हा सामान्य माणसं उठली. सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले, आणि सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन चिखलात उतरली. हे काम चाळीसएक वर्षं चाललं. 1990 च्या ऑगस्टमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. डिव्हायझेस गावाजवळ 2 मैलांत 29 लॉक आहेत, त्यांतले 16 एकाखाली एक सरळ रेषेत, पाण्याचा जिनाच जणू. तिथं तो समारंभ झाला.

लॉक म्हणजे काय, हेही सांगतो. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरलं की बोट वर, सोडलं की बोट खाली. या कालव्याचे लॉक रुंद आहेत, सुमारे 14 फूट. मी हिशेब मांडला. 72 फूट लांब, 14 फूट रुंद, आठ फुटांचा चढ. एका वेळी साधारण सव्वादोन लाख लिटर पाणी वरून खाली जातं. आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत बावीस-तेवीस टँकर! मार्च-एप्रिलमध्ये एका टँकरसाठी आपली जनरल बॉडी किती वेळ चालते ते आठवा. म्हणून तिथं रीत अशी की तुमची बोट अरुंद असेल तर घाई नाही करायची, मागून दुसरी येतेय का बघायचं. दोन बोटी शेजारी शेजारी एकाच पाण्यात उतरतात. आणि निघताना झडपा आणि दरवाजे बंद आहेत का ते स्वतः बघायचं. एकानं झडप उघडी टाकली तर रात्रीतून वरचं पाणी उतरतं आणि सकाळी भलत्याच कुणाची तरी बोट गाळात कलंडलेली असते.

आणखी एक रीत. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग अगदी कमी करायचा. एरवीही मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे आपण सकाळी भरभर चालतो तेवढीच. पण बोटी दिसल्या की त्याहून सावकाश. नाहीतर पाणी ओढलं जातं, शेजाऱ्याची बोट हिसका खाते, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या उपटून येतात आणि शेगडीवरचा चहा सांडतो. आपल्या बेसमेंटमध्ये मोटारसायकल घेऊन शिरणाऱ्या तरुण मंडळींनी याची नोंद घ्यावी. (हशा)

आता ती सकाळ. आमचा मुक्काम ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावाच्या थोडं पुढं होता. जानेवारीचा दुसरा आठवडा. रात्री पाणी गोठलं होतं. कडेला काचेसारखा पातळ बर्फ आणि मध्यभागी काळं, न हलणारं पाणी. नऊच्या सुमारास मी आणि लेक फिरायला निघालो. सौ. शेगडीजवळून हलायला तयार नव्हत्या. अंगावर स्वेटर, त्यावर कोट, माकडटोपी, पायात जावयाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. वाटेवरचा चिखल गोठून कडक झालेला, त्यामुळे उलट चालायला बरं. गवताच्या प्रत्येक पात्यावर पांढरी कड. झाडं पानांवाचून उघडी. एक राखाडी बगळा पाण्याकाठी इतका स्थिर उभा होता की मला तो आधी खांब वाटला. आवाज म्हणाल तर आमच्या बुटांचा, आणि मध्येच खाली दरीतून जाणाऱ्या रेल्वेचा. पुण्याच्या माणसाला एवढ्या शांततेत आपल्याच कानात काहीतरी बिघाड झालाय असं वाटतं.

दीड-दोन मैलांवर ॲव्हनक्लिफ नावाचं ठिकाण आहे. तिथं कालवा नदीला ओलांडतो. नीट ऐका, कालव्यावर पूल नाही, कालवाच पुलावरून जातो. खाली एव्हन नदी, तिच्याशेजारी रेल्वेचे रूळ, आणि वर दगडी कमानींवरून पाणी आणि बोटी. बांधून झाल्यावर लवकरच मधली कमान थोडी बसली, ती आजही बसलेली दिसते. दोनशे वर्षं तिच्यावरून पाणी चाललंय.

त्या पुलाच्या कठड्याशी उभा राहून मी लेकीला मनातलं विचारलं. म्हटलं, बाळा, तुम्ही तरुण आहात तोवर हे ठीक. पण उद्या वय झालं, आजारी पडलीस, जावई बाहेरगावी असले, अशा थंडीत एकटी पडलीस तर? ना वॉचमन, ना शेजारचा फ्लॅट, ना पत्ता.

ती हसली नाही की चिडली नाही. म्हणाली, "बाबा, परत जाताना धुराडी बघत चला."

मग मी बघत चाललो. वाटेत तेवीस बोटी होत्या, मोजल्या. हिरव्या, निळ्या, लाल. काही नीट रंगवलेल्या, काही गंजलेल्या. छतावर कोळशाच्या पोती, सायकली, कुंड्या, लाकडाचे ओंडके. आणि प्रत्येकीवर ते हातभर धुराडं. कोळसा बिनधुराचा असल्यामुळे लोट काही निघत नाही, पण कडाक्याच्या थंडीत धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते. ते थरथरणं म्हणजे आत माणूस उठलाय, शेगडी चेतवलीय, सगळं ठीक आहे. कुत्रा फिरवायला निघालेला माणूस, नळावर निघालेली बाई, कामावर सायकलवरून जाणारा मुलगा, प्रत्येक जण जाता जाता मान वर करून बघत होता. मुद्दाम नाही, सवयीनं. आपण देवळावरून जाताना हात छातीशी नेतो तसं.

त्याच आठवड्यात एके सकाळी एक धुराडं थंड होतं. आमच्यापासून पाचवी बोट. आत ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहतात. पूर्वी शाळेत शिकवायच्या. कुत्रेवाल्या गृहस्थांनी पाहिलं आणि ते थांबले. तिथं अशी शिस्त आहे की दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाय ठेवायचा नाही, ते कुणाच्या घरात घुसल्यासारखं आहे. बाहेरून छतावर टकटक करायचं आणि वाट बघायची. त्यांनी टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. मग आतून अगदी बारीक आवाज आला. बाईंना रात्रीपासून ताप, उठून कोळसा घालण्याची ताकद नाही, शेगडी विझलेली, आत खिडक्यांच्या काचांवर आतूनच बर्फ धरलेला. अर्ध्या तासात आमची लेक शेगडी पेटवत होती, एकानं डॉक्टरांना फोन केला, एकानं कोळशाचं पोतं आणून ठेवलं. सौ.नी आपल्याकडची मुगाची पातळ खिचडी केली. बाईंना ती काय आहे कळलं नाही, पण वाटी रिकामी आली. तिसऱ्या दिवशी धुराडं पुन्हा थरथरायला लागलं, आणि त्या दिवशी जाणारे-येणारे त्याच्याकडे बघून जरा हसत होते.

नंतर मी त्या बाईंना लेकीमार्फत विचारलं, या वयात तुम्ही गावात एखादा छान गरम फ्लॅट का घेत नाही? त्या म्हणाल्या, माझ्या बहिणीनं घेतलाय. तिच्याकडे सेंट्रल हीटिंग आहे. पण तिचं हीटिंग चालू आहे की बंद, हे बाहेरून कुणाला दिसत नाही.

मंडळी, हे वाक्य मी इंग्लंडहून सामानात भरून आणलं.

मी त्या जीवनाची जाहिरात करायला उभा नाही. बोटीत ओल धरते, कपडे वाळत नाहीत. कायम धक्का नसलेल्यांना साधारण 14 दिवसांहून जास्त एका जागी राहता येत नाही, मग पाऊस असो की सर्दी. पुष्कळ जण हौस म्हणून नव्हे, तर घरांच्या किमती परवडत नाहीत म्हणून बोटीत राहतात. माझी लेकीबद्दलची काळजी पूर्ण गेली असंही म्हणणार नाही. बापाची काळजी म्हणजे काही कर्ज नव्हे, हप्ते भरले आणि खातं बंद झालं असं होत नाही. पण ती एकटी पडेल, ही जी मोठी रक्कम होती, ती खात्यातून उतरली.

आता आपल्याकडे येतो. आपली सोसायटी 25 वर्षांची झाली. सुरुवातीला आलो तेव्हा या आवारात मुलांचा एवढा गलका असायचा की दुपारी झोप नसे. आज 48 फ्लॅटांपैकी कितीतरी फ्लॅटांमध्ये दोघंच राहतात, काहींत एकेकटे. मुलं बंगळुरूला, दुबईला, अमेरिकेत. आमची पाण्यावर. आपले दरवाजे मजबूत आहेत, वर सेफ्टी डोअर आहे, कॅमेरे आहेत, गेटवर ॲप आहे. बाहेरचा माणूस आत येऊ नये याचा बंदोबस्त पक्का. पण आतला माणूस ठीक आहे का, हे बाहेर दिसण्याची सोय आपण कुठं ठेवली आहे?

गेल्या वर्षी बी विंगमधले आपले एक सभासद रात्री बाथरूममध्ये पडले. त्यांच्या परवानगीनंच सांगतोय, ते इथं पहिल्या रांगेत वॉकर घेऊन बसले आहेत. खुब्याचं हाड मोडलं. रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी दीडपर्यंत ते फरशीवर पडून होते. फोन बाहेरच्या खोलीत. आम्ही त्या आठवड्यात गावाला होतो, आल्यावर कळलं. दाराच्या कडीला दुधाची पिशवी सकाळपासून लटकत होती. पेपर पायपुसण्यावर पडलेला होता. लिफ्ट बरोबर त्याच दारासमोर उघडते. शेवटी कामवाली बाई उशिरा आली, तिनं आरडाओरडा केला म्हणून सुटका झाली.

दुधाची पिशवी हे आपलं धुराडं आहे. साडेनऊ वाजले तरी ती कडीलाच असेल तर ते धुराडं थंड आहे. एवढंच मला सांगायचं आहे.

म्हणून कमिटीपुढे एक साधा प्रस्ताव ठेवतो. खर्च शून्य, त्यामुळे खजिनदारांनी घाबरू नये. प्रत्येक मजल्यावर दोन-दोन घरांची जोडी ठरवायची. सकाळी साडेनऊपर्यंत शेजारची पिशवी किंवा पेपर आत गेला नसेल तर बेल वाजवायची. उत्तर आलं नाही तर फोन. तोही उचलला नाही तर खाली ऑफिसात ठेवलेल्या यादीतल्या नातेवाइकाला फोन. एक जादा किल्ली ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्याकडे. गावाला जाताना जोडीदाराला आणि वॉचमनला सांगून जायचं, म्हणजे उगाच कुलूप तोडायची वेळ नको. आणि त्या बोटवाल्यांची शिस्तही पाळायची. टकटक करायची, थांबायचं. 'काय चाललंय, कोण आलंय, आज भाजी काय' अशा चौकशा नाहीत. ज्यांना ही देखरेख नको असेल त्यांनी तसं सांगावं, कुणी रागावणार नाही.

तिकडे त्या कालव्यासाठी लोकांनी चाळीस वर्षं चिखल उपसला, कारण तो सगळ्यांचा होता. आपल्याला चिखल उपसायचा नाही. लिफ्टमधून बाहेर पडताना मोबाइलवरची मान वर करून शेजारच्या कडीकडे बघायचं आहे. तीन सेकंदांचं काम.

वेळ संपली अशी सेक्रेटरी खूण करतायत. चहा आणि बटाटेवडे तयार आहेत, ते थंड व्हायला नकोत.  

ता. क. हे लिहून देईपर्यंत 48 पैकी 31 घरांनी जोडीदाराची नावं ऑफिसात नोंदवली आहेत. उरलेल्यांसाठी वही ऑफिसच्या टेबलावरच आहे. पेन दोरीनं बांधून ठेवलं आहे, बँकेची सवय.